मोतीरामचा पुडा

सातपूरला कारखान्यांच्या गल्लीत रहेमानभाईंचं वर्कशॉप आहे. एका अंगाला नटबोल्टवाले, दुसऱ्या अंगाला द्राक्षांचे खोके बनवणारे, आणि मधल्या या गाळ्यातून आवाज म्हणून येत नाही. आत पंखासुद्धा हळू फिरतो. तिथे दारापासून सगळ्यात लांबच्या टेबलाशी, केस जाळीच्या टोपीत कोंबून आणि बांगड्या काढून ठेवून वत्सलाबाई देवरे बसलेल्या असायच्या. अंगाने बारीक, बोलायला कमी, आणि हात असे की बघणाऱ्याने बघत राहावं.

शेजारणी विचारायच्या, "तुम्ही नेमकं करता काय हो तिथे?"

"डोळ्याला दिसत नाही त्या उजेडासाठी डबी बनवते," वत्सलाबाई म्हणायच्या. शेजारणींना वाटायचं, बाई चेष्टा करतात.

पण ती चेष्टा नव्हती. काचेसारखा एक खडा असतो. डोळ्यांना न दिसणारे किरण त्याच्यावर आदळले की आत उजेडाचा ठिपका उमटतो, काजव्याला लाजवील इतका बारीक. खड्याच्या बुडाशी एक नळी बसवलेली असते, ती हा ठिपका टिपते आणि मोजते. मात्र बाहेरचा उजेड आत शिरता कामा नये. सुईच्या अग्राएवढी फट राहिली तरी नळी भलतंच मोजत सुटते. म्हणून खड्याला आधी पांढरी पट्टी गुंडाळायची, नळ बसवणारे आट्यांवर गुंडाळतात तीच. तिच्यावर चंदेरी कागद आणि त्याच्यावर काळी टेप. सांगायला एवढंच. पण पट्टी कुठे जाड, कुठे विरळ झाली तर चालत नाही, ओढून बसवली तर फाटते, सैल सोडली तर हवा राहते. रहेमानभाई स्वतः शिकलेले इंजिनिअर, तरी गुंडाळायचं काम कधी अंगावर घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "ते ताईंचं खातं."

हे खातं त्यांना वडिलांकडून आलं होतं.

वडील मोतीराम कळवणचे. गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे. आजच्या पोरांना गॅसबत्ती सांगूनही कळत नाही. खाली पितळी टाकी, तिच्यात रॉकेल, वर काच, आणि काचेच्या आत टांगलेलं मेंटल, म्हणजे जाळीदार कापडाची बोटभर पिशवी. पंप मारून हवा भरली की मेंटल आधी लाल व्हायचं आणि मग सूं सूं करत असं पांढरं पेटायचं की मांडवातली म्हातारी माणसं डोळ्यांवर हात धरायची. आसपासच्या गावात लग्न असो, भजन असो, नाहीतर चैत्रात वणीच्या गडाखाली नांदुरीला जत्रेची दुकानं लागलेली असोत, दिवस कलला की सगळे मोतीरामची वाट बघायचे. बत्ती मंदावली की आरोळी उठायची, "ए मोतीरामऽ, हवा भर!" आणि मोतीराम पंगतीतला घास ताटात ठेवून उठायचे.

नवं मेंटल बांधायचं काम लहानग्या वत्सलेकडे असायचं. तिची बोटं बारीक. दोरा आवळताना चुण्या चहूकडून सारख्या पडायला हव्यात, नाहीतर मेंटल एका अंगाला फुगतं आणि काच तडकते. एकदा पेटलं की मेंटल कापड राहत नाही. मग ती नुसती राख असते, आकार धरून बसलेली. बोट लागलं की गेली.

"वत्से, आता हात लावायचा नाय, फुंकर मारायची नाय," मोतीराम सांगायचे. "श्वास बी जपून घे. नुसतं बघायचं."

ती नुसतं बघायची. बाप कमरेवर हात ठेवून उभा, चेहरा उजळलेला, आणि सगळा मांडव जणू त्याच्या घरचा.

पुढे वीज गावोगावी गेली. चांगलंच झालं, वाईट कुणाचं झालं नाही, पण मोतीरामच्या बत्त्या माळ्यावर गेल्या आणि माळ्यावरून मोडीत. वत्सला कळवणच्या शाळेत दहावी झाली, नाशिकला आयटीआय केलं, लग्न होऊन नाशिककर झाली. मोतीराम गेले त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. मागच्या दिवाळीआधी भावाने माळा आवरला तेव्हा एका कोपऱ्यात मेंटलांचा न फोडलेला पुडा निघाला. भावाने विचारलं, "टाकून देऊ का गं?" वत्सलाबाईंनी हातातून ओढूनच घेतला. पुड्यावर मोतीरामांचा शाईचा शिक्का होता, पुसट झालेला, पण 'मोतीराम गॅसबत्तीवाले, कळवण' एवढं वाचता यायचं.

वत्सलाबाईंकडे लाल खणाचा एक बटवा आहे. त्यात सप्तशृंगीच्या अंगाऱ्याची पुडी असते. बाई देव देव फार करत नाहीत, उपासाचं कौतुक सांगत नाहीत, पण आईचा अंगारा सोडून घराबाहेर पडत नाहीत. पुडा त्यांनी त्याच बटव्यात ठेवला. आई आणि बाप एके ठिकाणी राहतील, एवढाच हिशेब.

आता एका ऑर्डरचं सांगते.

मुंबई रोडला गोंद्याच्या बाजूला एका मोठ्या शेडमध्ये काही शास्त्रज्ञ मंडळींनी एक यंत्र उभारलं आहे. सूर्याच्या पोटात जे चालतं ते एका भांड्यात घडवून बघायचं, असा त्यांचा खटाटोप. भांडं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीएवढं. त्यात वायू भरून तो इतका तापवायचा की त्याचा वायूसुद्धा राहत नाही, प्लाझ्मा होतो. या प्लाझ्मातले काही कण मधूनच उधळतात आणि भिंतीवर आदळतात, आणि आदळले की किरण सुटतात. ते किरण पकडणारी डबी रहेमानभाईंच्या वर्कशॉपने द्यायची होती. तिथे सोबतच्या सगळ्या वस्तू परदेशातून आलेल्या. नाशिकची ही एकच.

आणि वत्सलाबाईंचा कामाचा तो शेवटचा महिना होता.

"ताई, ही डबी तुमच्या हातची शेवटची," रहेमानभाई म्हणाले. "बसवायला तुम्हीच चला. आजवर तुमचा माल कुठे गेला ते तुम्ही कधी बघितलंच नाही."

खरंच नव्हतं बघितलं. यजमानांनी सकाळी द्वारका चौकापर्यंत सोडलं, तिथून रहेमानभाईंच्या गाडीत त्या गोंद्याला गेल्या. इस्त्रीची साडी, मांडीवर डबीचा खोका आणि खोक्यावर दोन्ही हात. भाभींनी, म्हणजे रहेमानभाईंच्या घरच्या बिलकिसभाभींनी, दोघांचा जेवणाचा डबा दिला होता.

शेडमध्ये दोघंच भेटली. एक डॉक्टर सृष्टी, पंचवटीतली मुलगी, बाहेरदेशी शिकून परत आलेली. सगळ्या मोजमापांची जबाबदारी तिच्यावर. दुसरा योगेश, सटाण्याचा, यंत्र चालवणारा.

"मॅडम, एवढ्या आगीने भांडं वितळत नाही का?" वत्सलाबाईंनी धीर करून विचारलं.

"मॅडम नका म्हणू हो मावशी, मी तुमच्या मुलीएवढी आहे," सृष्टी म्हणाली. "प्लाझ्मा भिंतीला लागूच देत नाही आम्ही. चहूकडून चुंबकांनी आवळायचा आणि मधल्या मध्ये तरंगत ठेवायचा. भिंतीला लागला की विझला."

"म्हणजे हात लावायचा नाही."

"अगदी बरोबर."

"आणि उधळलेले कण म्हणजे आमच्या बाजारातला गोऱ्हा," योगेशने पुस्ती जोडली. "दावं तुटलं की कुणाच्या दुकानात घुसेल सांगता येत नाही. तुमची डबी आम्हाला ओरडून सांगणार, आला रे आला!"

डबी यंत्राशेजारच्या स्टँडवर बसली. वायरी जोडून झाल्या. सगळे कॉम्प्युटरकडे वळले तेव्हा वत्सलाबाईंनी पिशवीतून बटवा काढला, डबीला टेकवला आणि तिच्या पाठीशी, वायरींच्या आडोशाला ठेवून दिला. वर्कशॉपमधून कुठलाही माल निघताना त्या खोक्याला बटवा टेकवायच्या, ती जुनी सवय. इथे परक्या ठिकाणी आईने जरा वेळ पाठीशी बसावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

यंत्र बंद असताना डबीने जवळजवळ गप्प बसायला हवं. आसमंतातून येणारे थोडे किरण ती मोजणारच, पण थोडेच. कॉम्प्युटरवरचा आकडा मात्र चढला तो उतरेचना.

सृष्टीच्या कपाळाला आठी पडली. "सातपूरला किती होता?"

"याच्यापेक्षा पुष्कळ कमी," रहेमानभाई म्हणाले. "मी स्वतः बघितलाय."

"मग वाटेत काहीतरी झालंय. उजेड शिरतोय आत. टेप सुटली असेल."

सृष्टी साधेपणाने बोलली, पण वत्सलाबाईंनी आपली बोटं पदराखाली घेतली. टेप म्हणजे त्यांचे हात. किरण कोणत्या जातीचे ते दाखवणारा भाग अजून जोडायचा होता, त्यामुळे नुसता आकडा दिसत होता आणि आकडा बाईंकडे बोट दाखवत होता.

सामान आवरताना बटवा पुन्हा पिशवीत गेला. सातपूरला येऊन त्यांनी सगळं सोडलं आणि पहिल्यापासून गुंडाळलं. घरी जाऊन जेवल्या नाहीत, यजमानांशी धड बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रहेमानभाईंनी तपासलं, आकडा हवा तसा खाली. बाईंची पिशवी तेव्हा नेहमीसारखी बाहेरच्या खुंटीला होती. रहेमानभाई हसले, "बघा, झालं ना?"

पुन्हा गोंदे. पुन्हा स्टँड. आणि या खेपेला तर आईची जास्तच गरज, म्हणून बटवा डबीला अगदी चिकटून.

आकडा पुन्हा वर.

मग सृष्टी हळू आवाजात म्हणाली, "भाई, उद्यापासून प्रयोगांची फेरी सुरू होतेय. आज जमलं नाही तर मला या जागी बाहेरून आलेली डबी बसवावी लागेल. ती ठेवलेली आहे. मला आवडणार नाही, पण..."

"समजतं, बेटा," रहेमानभाई म्हणाले आणि वत्सलाबाईंना बाजूला घेऊन गेले. इतक्या वर्षांत ते बाईंना कधी उणा शब्द बोलले नव्हते, आताही बोलले नाहीत, पण जे बोलले ते जास्त लागलं. "ताई, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला जरा... माझाही हात थरथरतो आता, वय आहे. पुन्हा गुंडाळायला वैष्णवीला बसवू का? तुम्ही शेजारी बसून सांगा."

वर्कशॉपमधल्या वैष्णवीला त्यांनीच शिकवलं होतं. चांगली पोर. "बसवा," असं त्या म्हणाल्या आणि डबीपाशी जाऊन वायरींच्या आडचा बटवा काढून घेतला. मुठीत धरून त्या शेडच्या बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

रडू आलं नाही. बोटं समोर धरून बघितली. थरथरत होती की काय? उन्हात कळेना. बापाने ज्या बोटांना मेंटल बांधायला शिकवलं ती ही बोटं. सगळा जन्म त्यांनी दुसरं काही मिरवलं नव्हतं. मोठं शिक्षण नाही, दागिने नाहीत. आता शेवटच्या महिन्यात हातच खोटे पडले, तर कळवणहून सोबत आणलेलं उरलं काय? "आई," त्या बटव्याला म्हणाल्या, "डबी नाही बसली तरी चालेल. पण माझ्या हाताने चूक केली असेल तर ती मला दिसू दे. न दिसता नको."

आतून योगेशची हाक आली. "ओ मावशी! या या, उतरला आकडा!"

त्या पदर सावरत धावल्या. खरंच आकडा खाली बसला होता, सातपूरला होता तेवढाच. सृष्टीने वायरी हलवून बघितल्या होत्या, तिला वाटलं वायरच ढिली असेल. रहेमानभाईंनी दोन्ही हात वर केले. वत्सलाबाईंना इतकं भरून आलं की त्या थेट डबीपाशी गेल्या आणि बटवा जागच्या जागी ठेवून हात जोडून उभ्या राहिल्या.

आकडा टुणकन वर.

"अरे देवा," सृष्टी म्हणाली.

वत्सलाबाई दचकून बटव्यासकट मागे सरल्या. आकडा खाली.

रहेमानभाई चष्म्यावरून बघत राहिले. "ताई, जरा पुढे या." बाई पुढे आल्या. आकडा वर. "आता मागे जा." आकडा खाली. "या अल्ला! वत्सलाताई, तुम्ही जवळ आलात की यंत्र खवळतं!"

"काय शे हाई?" योगेश आपल्या सटाण्याच्या बोलीत पुटपुटला आणि फळीवरचं, हातात धरून किरण मोजायचं मीटर घेऊन आला. बाईंच्या पायापासून डोक्यापर्यंत ते फिरवलं. मीटर शांत होतं. मुठीजवळ नेलं आणि ते तव्यावरच्या मोहरीसारखं तडतडायला लागलं.

"मावशी, मुठीत काय आहे?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आईचा अंगारा आहे हो. गडावरचा. डबीच्या पाठीशी ठेवला होता. मला काय माहीत..."

"डबीच्या पाठीशी? दोन्ही वेळेला?" सृष्टीला हसावं की चिडावं कळेना. "दाखवा बरं."

त्यांनी बटवा टेबलावर उघडला. अंगाऱ्याच्या पुडीवर मीटर धरलं, ते गप्प. मग खाली उरला पुडा. मीटर पुन्हा तडतडलं. सृष्टीने पुडा उचलून शिक्का वाचला आणि खुर्चीत बसलीच.

"गॅसबत्तीची मेंटलं! मावशी, या जुन्या मेंटलांना थोरियम लावलेलं असायचं. त्यामुळे तर ती इतकी पांढरी पेटायची. थोरियममधून किरण निघत असतात, कायम. तुमच्या डबीने बरोबर तेच मोजलं. टेपबिप काही सुटलेली नाही. तुमचं काम चोख आहे."

रहेमानभाई वत्सलाबाईंसमोर आले. "ताई, वैष्णवीचं मी उगाच बोललो."

"तुम्ही काळजीनेच बोललात भाई," त्या म्हणाल्या. सगळं ध्यान पुड्यावर लागलेलं. "म्हणजे वडिलांचा हा पुडा अजून... पेटलेलाच आहे?"

"पेटलेला नाही म्हणता येणार," सृष्टी म्हणाली, आणि मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, "पण चालू आहे, मावशी. आपल्याला दिसत नाही एवढंच. आपण सगळे जाऊ तरी चालू राहील."

वत्सलाबाई खाली बसल्या. माळ्यावरच्या अंधारात, बत्त्या मोडीत गेल्यावर, बाप गेल्यावर, घरात कुणी विचारत नव्हतं तेव्हाही पुडा आपला उजेड टाकतच होता. आणि तो उजेड पहिल्यांदा कुणाला दिसला असेल तर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेल्या डबीला.

पुडा शिशाच्या एका जाड डब्यात ठेवला. सृष्टीने बजावून सांगितलं, "घाबरण्यासारखं काही नाही, पण अंगाशी बाळगू नका. हात धुऊन घ्या." मग सगळे भिंतीमागच्या खोलीत गेले, भोंगा झाला आणि योगेशने एका चाचणीसाठी कळ दाबली.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर भांड्याच्या आतलं दिसत होतं. काळोख. मग कडेकडेने गुलाबी लाली चढली आणि क्षणात मधला भाग लखलखला, कुठे न टेकता, जागच्या जागी. वत्सलाबाईंनी श्वास धरून ठेवला. हात लावायचा नाय, फुंकर मारायची नाय. पापणी लवायच्या आत सगळं पुन्हा काळं झालं, आणि दुसऱ्या पडद्यावर त्यांच्या डबीने काढलेली एक उंच, उभी रेघ राहिली.

"आला रे आला!" योगेश ओरडला. "आमचा गोऱ्हा पकडला मावशींनी!"

भाभींच्या डब्यातली मेथीची भाजी सगळ्यांनी मिळून खाल्ली. निघताना सृष्टी घुटमळली. "मावशी, एक मागू का? डबी नीट चालते की नाही ते आम्हाला रोज सकाळी तपासावं लागतं. त्यासाठी ठराविक किरण देणारी एखादी वस्तू लागते. तुमचा पुडा इथे ठेवला तर... पण वडिलांची आठवण आहे. नाही म्हणालात तरी चालेल. मग घरी उंच फळीवर, बंद डब्यात ठेवायचा."

वत्सलाबाईंनी शिशाच्या डब्याकडे बघितलं. तो पुडा सोडून बापाचं त्यांच्याकडे काही नव्हतं. एक फोटोसुद्धा धड नव्हता. घरी नेला तर फळीवर राहील, अंधारात, माळ्यावर होता तसाच.

"माझे वडील फळीवर बसणारे नव्हते," त्या म्हणाल्या. "ठेवा तुम्ही. कामाला लावा."

अंगाऱ्याची पुडी तेवढी बटव्यात घालून त्या गाडीत बसल्या. घोटीकडून आलेल्या ट्रकांच्या रांगेत गाडी अडली तेव्हा रहेमानभाईंनी विचारलं, "रडताय का, ताई?"

"छे हो. धूळ आहे."

महिना संपला. रहेमानभाईंनी सगळ्यांना जिलेबी वाटली, वैष्णवी त्यांच्या टेबलाशी बसू लागली. वत्सलाबाई घरी असतात. सकाळी देवपूजा, मग गॅलरीत गवारी नाहीतर मेथी निवडायची. बोटांना काम लागतं.

परवा अशीच भाजी निवडत असताना सृष्टीचा फोन आला. डबी झकास चालली आहे, एकदा येऊन जा, एवढंच सांगायला. मागे शेडमधली गडबड ऐकू येत होती. तेवढ्यात सृष्टी फोन तसाच धरून कुणावर तरी ओरडली, "अरे, उजाडून किती वेळ झाला! मोतीराम लावला का नाही अजून?"

आणि लांबून योगेशचा आवाज आला, "हा काय, मोतीराम आणतोयच!"

"मावशी? ऐकताय ना?" सृष्टी विचारत होती.

वत्सलाबाईंनी फोन कानापासून जरा लांब धरला. मांडीवरच्या मेथीच्या काड्या तशाच राहिल्या. लहानपणी मांडवात उभ्या राहायच्या तशाच त्या बसून राहिल्या, श्वास जपून घेत.